सुवर्णा का रडत नाही

केडगावातून सकाळी सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मागच्या चार-पाच बाकांवर बायांचं राज्य असे. सुप्याच्या एमआयडीसीत फ्रीजच्या दारांना बसवायच्या रबरी पट्ट्या तयार करणारा एक कारखाना आहे. या सगळ्याजणी तिथं पॅकिंगला. बस पुणे रस्त्याला लागली की मोनिका आपला मोबाईल काढायची, पुढच्या बाकाच्या पाठीला रबरी पट्टीनं आवळून बसवायची आणि काल जिथं थांबलं तिथून मालिका पुढं सुरू करायची. माणसं कोरियातली, बोलणं हिंदीतलं, आणि बघणाऱ्या नगर जिल्ह्यातल्या. चास मागं पडायचं, कामरगावचा घाट यायचा, पण खिडकीबाहेर कोणी बघत नसे.

मालिकेतलं गाव समुद्रकाठचं होतं. एका बाईचा नवरा पहाटे होडी घेऊन जातो आणि होडी तेवढी परत येते. नवरा नाही, जाळं नाही. बाई समुद्रातलं शेवाळ वाळवून विकणारी. तिचं खरं नाव सू-यन का असंच काही होतं, पण चांगुणाबाईंच्या जिभेला ते वळेना. त्या म्हणाल्या, "आपली सुवर्णाच म्हना की." तेव्हापासून ती सुवर्णा झाली.

होडी रिकामी आली त्या दिवशी सगळा गाव किनाऱ्यावर जमतो, सासू ऊर बडवते, आणि सुवर्णा मात्र दोरीवर शेवाळ पसरत राहते. डोळ्यांत टिपूस नाही.

"हिनंच मारला," चांगुणाबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. "बाईचा नवरा गेला अन् ही दोरीवर वाळवन घालती. मेल्यावर असं असतंय का कुटं?"

"खाली लोकांनी पण तेच लिहिलंय," मोनिका बोटानं पडदा सरकवत म्हणाली. मालिकेच्या तुकड्यांखाली लोक आपापली मतं लिहितात, ती वाचायची तिला भारी हौस. "एकजण म्हणतोय, हिचे डोळे बघा, दगड हाय दगड. एकीनं लिहिलंय, मला तर पहिल्यापासून ही बाई आवडत नव्हती."

होडीचा मालक पोलिसांशी उघड उघड खोटं बोलला होता. आपण त्या दिवशी गावातच नव्हतो म्हणाला आणि मग बंदरावरच्या कॅमेऱ्यात दिसला. पण त्याच्यावर कोणी संशय घेईना. तो दिसायला देखणा होता आणि आईच्या आठवणीनं एकदा रडला होता.

खिडकीपाशी बसलेली रेश्मा हे सगळं ऐकायची आणि काही बोलायची नाही. ती मुळातच कमी बोलणारी, त्यामुळं कुणाला वेगळं वाटलं नाही. ती विधवा आहे, मुलगी घोडेगावकडे रेश्माच्या सासरी असते, एवढंच बसमध्ये ठाऊक होतं. सासरी का असते, हे कुणी विचारलं तर ती म्हणायची, "शाळा तिकडं हाय तिची."

खरी गोष्ट निराळी होती. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा बिभीषण विहिरीत गेला. मोटारीत कचरा अडकला म्हणून तो पायऱ्या उतरून खाली गेला, पाण्याला हात लावला आणि वर आलाच नाही. पंचनाम्यात विजेचा धक्का, अपघाती मृत्यू, असं लागलं. पण वस्तीवर दुसरंच बोललं गेलं. सगळी माणसं विहिरीकडं धावली तेव्हा रेश्मा उलट्या दिशेनं, बांधाकडं पळाली होती. मढं वर काढलं तेव्हाही ती लांब उभी होती. रडली नाही, ओरडली नाही, जवळ आली नाही. सासू बायडाबाईनं बारावं उरकलं तसं तिला माहेरी घालवलं. "माझ्या बिभीषणाची एवढीच आठवन हाय," म्हणून सहा वर्षांची आरती मात्र ठेवून घेतली. माहेरात भावजयीच्या संसारात किती दिवस राहणार? रेश्मा केडगावात आली, खोली घेतली, कामाला लागली.

वर्षातून दोन-तीनदा घोडेगावच्या स्टँडवर सासरे रंगनाथ आरतीला आणून भेटवायचे. ते लांब चहाच्या टपरीवर बसायचे. पोर आईसमोर उभी राहायची, चपलेनं माती उकरत. तिच्या कानावर काय काय घातलं असेल, हे रेश्माला विचारावं लागत नव्हतं. पोरीच्या मानेवरून कळायचं. गेल्या वर्षी बायडाबाई वारली. मग रंगनाथांनी नातीला दहावीच्या अभ्यासासाठी मोबाईल घेऊन दिला आणि दर रविवारी मायलेकींचं फोनवर बोलणं सुरू झालं. ते बोलणं तरी कसलं?

"जेवलीस का?"

"हं."

"अभ्यास कसा चाललाय?"

"चाललाय."

मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसायच्या. शेवटी आरती म्हणायची, "ठेवू का?"

अशाच एका रविवारी काहीतरी बोलायचं म्हणून रेश्मा म्हणाली, "आमच्या बसमधी बाया रोज कोरियाचं काहीतरी लावत्यात. समुद्राकाठचं गाव हाय. होडी रिकामी येती."

पलीकडून एकदम आवाज बदलला. "अगं, तीच मालिका! मी पण बघते ती. आमच्या वर्गातल्या सगळ्याजणी बघतात. तू कुठपर्यंत आलीस? विहिरीवरचा सीन—" आरती चपापली. "दीपस्तंभावरचा सीन झाला का?"

"न्हाई अजून. आमाला रोज अर्धाच बघायला मिळतो."

"मग सांगत नाही मी."

त्या दिवशी त्या अर्धा तास बोलल्या. पोरगी हसली, चिडली, तो इन्स्पेक्टर किती बावळट आहे ते सांगत सुटली. रेश्मा फोन कानाला लावून खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. बसली तर आवाज तुटेल असं तिला वाटत होतं. पुढचे रविवार असेच गेले. आठवडाभर ती बसमध्ये मन लावून बघायची, कारण रविवारी लेकीशी बोलायला तेच तिचं भांडवल होतं.

मग एका रविवारी आरतीनं विचारलं, "मम्मी, तुला काय वाटतं, तिनंच मारलं असेल का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तिनंच. सगळे तेच म्हणतात. नाहीतर ती रडली का नाही?"

पोर मालिकेबद्दल विचारत होती की कशाबद्दल, हे पोरीला तरी ठाऊक होतं का कोण जाणे. आवाज साधा होता, पण ती उत्तराची वाट बघत राहिली.

"रडायला सवड लागती, बाळा," रेश्मा म्हणाली. "तिचं शेवाळ वल्लं हुतं. त्या दिशी वाळलं नसतं तर कुजलं असतं. मानसाचं डोकं अशा येळी काय धरंल ते सांगता येत न्हाई. हाताला जे काम दिसतं ते करतं."

"म्हणजे तिनं नाही मारलं?"

"मला म्हाईत न्हाई. पन रडली न्हाई म्हनून मारलं, असं न्हाई."

"हं," आरती म्हणाली. पहिल्यासारखा कोरडा 'हं' नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चांगुणाबाईंनी सुवर्णाला नेहमीसारख्या शिव्या घातल्या तेव्हा रेश्मा पहिल्यांदा बोलली. "त्यो होडीवाला एवढा खोटं बोलला, त्याला कुनीच काय म्हनंना. अन् ही एक शब्द बोलली न्हाई, तर हिला फाशी?"

सगळ्याजणी वळून बघायला लागल्या. मोनिका हसून म्हणाली, "रेश्माताई, तुमी तर तिच्या वकील झाल्या!" रेश्माही हसली, पण तिचे कान तापले होते.

आरतीची परीक्षा संपता संपता मालिकेचा शेवट आला. बसमधल्या बायांनी तो शनिवारी कारखाना सुटल्यावर परतीच्या वाटेवर बघितला. होडीचा काठ जाळं ओढायच्या जागी कुजलाय हे सुवर्णाला माहीत होतं. आदल्या दिवशी तिनं ते बघितलं होतं. नवरा पहाटे निघाला तेव्हा ती दारात उभी राहिली आणि काही बोलली नाही. मग तिच्या पाठीवरचे जुने वळ दाखवले. नवरा तिला दोरीनं मारायचा, हे तोवर कुणाला दाखवलंच नव्हतं.

मोनिकानं खालची मतं वाचून दाखवायला सुरुवात केली. 'बघा, मी म्हटलं होतं ना,' असं लिहिणारे ढीगभर होते. "बास कर," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. केडगाव आलं तशा त्या उठल्या, पदर सारखा केला आणि कुणाकडं न बघता पुटपुटल्या, "बरं केलं तिनं." मग खाली उतरून भराभर चालू लागल्या. त्यांचं घरचं कुणाला फारसं माहीत नव्हतं आणि त्या दिवशी कुणी विचारलंही नाही.

रेश्मा मात्र सगळ्यात शेवटी उतरली. सुवर्णाला माहीत होतं. माहीत असून ती गप्प राहिली. उद्या रविवार.

रविवारी फोन आला नाही. तिनं लावला तर वाजून वाजून बंद झाला. सोमवारी लावला, मंगळवारी लावला. पोरीनं काय ताडून पाहिलं असेल, याचा विचार करकरून तिच्या हातून दोन खोकी चुकीची भरली गेली. सुपरवायझर ओरडला. बुधवारी तिनं रजा टाकली आणि घोडेगावची एसटी धरली.

स्टँडपासून वस्तीपर्यंतची वाट तिनं नऊ वर्षांत चालली नव्हती. बाभळी तोडून रस्ता मोठा केलेला, कडेला कुणाकुणाचे नवे बंगले. वस्ती मात्र तशीच. अंगणात रंगनाथ गाईला कडबा घालत होते. म्हातारा वाकला होता. तिला बघून त्यांनी हातातली पेंडी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"बरं हाय का, मामा?"

"हाय," ते म्हणाले. मग घराकडं तोंड करून हाक मारली, "आरते, कोन आलंय बग."

आरती ओट्यावर आली. पंधरा वर्षांची, उंच, हुबेहूब बिभीषणाचं कपाळ. ती आईच्या पाया पडली नाही की आत ये म्हणाली नाही. ओट्याच्या कडेला बसली. रेश्माही तिच्यापासून हातभर अंतर सोडून बसली.

"फोन का उचलंना?"

"काय बोलू?" आरती म्हणाली. मग एका दमात तिनं विचारलं, "तुला पण माहीत होतं का?"

रेश्मानं वाटभर याच प्रश्नाची धास्ती घेतली होती. आता तो समोर आल्यावर तिला उलट हलकं वाटलं.

"व्हय," ती म्हणाली. "म्हाईत हुतं."

पोरगी ओट्याच्या कडेला आणखी सरकली. रेश्मानं तिचा हात धरला नाही. धरला तर ती उठून जाईल असं तिला वाटलं. ती सावकाश सांगू लागली.

"विहिरीत जानारी वायर मधीच तुटल्ती, ती जोडल्याली हुती. जोडलं ते नीट नव्हतं. मोटारीच्या पेटीला हात लावला की मुंग्या यायच्या. म्या तुज्या पप्पाला सांगितलं. त्ये म्हनले, कांद्याचं पानी हुऊ दे, मग बदलतो. त्या दिशी मोटार चालूच हुती अन् त्ये खाली उतरले. वरडल्याचा आवाज आला. म्या विहिरीजवळच धाव्यावर कापडं धूत हुते. समदी मानसं विहिरीकडं पळाली. वस्तीवरचा सहादेव अन् अजून एकजन पायऱ्या उतरायला लागले. मला मोटारीचा आवाज येत हुता, आरती. मोटार चालू हुती. पान्यात करंट हुता. ही दोघं पान्यात उतरली असती तर तीन मढी निघाली असती. माझं वरडनं कुनाला ऐकू जाईना. म्हनून म्या पेटीकडं पळाले."

"बांधावर," आरती हळूच म्हणाली. "लिंबाखाली."

"व्हय. पेटीचा दांडा खाली वढला. मोटार बंद पडली. मग तिथंच हुबी राहिले, दांडा धरून. कुनीतरी गडबडीत चालू करायचं, कुनाचा काय भरवसा. त्ये तुज्या पप्पाला बाहेर काढस्तवर म्या हात सोडला न्हाई. मला लांबून काठावरची गर्दी दिसत हुती. मला जायचं हुतं गं जवळ. पन दोघं अजून पान्यात हुते."

अंगणात गाय कडबा खात होती, त्याचा कुरकुर आवाज येत होता. आरती खाली बघत होती.

"मग लोक म्हणतात की तू लांब उभी होतीस..."

"हुतेच की. खोटं न्हाई म्हनत त्ये."

"आणि सहादेवकाकाच सगळ्यांना सांगतात! 'मी विहिरीतून वर आलो तर ही लांब उभी, डोळ्यांत पाणी नाही.' तू त्यांचा जीव वाचवलास आणि..." पोरीचा आवाज फुटला. "तू सांगितलं का नाही कुणाला?"

"पोलिसाला सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. वस्तीवर सांगाया गेले तर तुजी आजी म्हनली, तुला कसं कळलं पान्यात करंट हाय ते? तुला आदीच म्हाईत हुतं म्हंजी! त्याच्यावर काय बोलू? म्हाईत तर हुतंच. समद्यांनाच म्हाईत हुतं, पन विचारलं मलाच."

आरतीनं ओढणीनं तोंड पुसलं. ती रहस्याच्या मालिका बघणारी पोर होती. कुठला प्रश्न राहिला, ते तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

"वायर कुणी जोडली होती?"

रेश्मा ओट्यावरची कडब्याची काडी मोडत राहिली.

"पप्पांनी?"

"न्हाई."

कडब्याचा आवाज थांबला होता. रंगनाथ गोठ्याच्या लाकडी मेढीला हात लावून उभे होते, पाठमोरे. त्यांचं डोकं किंचित हलत होतं, म्हाताऱ्या माणसांचं हलतं तसं. आरतीनं त्यांच्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, पुन्हा त्यांच्याकडं बघितलं. म्हातारा वळला नाही. हळूहळू गोठ्याच्या आत गेला.

"मम्मी..."

"त्यांनी तुला वाढवलंय," रेश्मा घाईनं म्हणाली. "तापात तुला खांद्यावर टाकून घोडेगावला पळालेत. लेक गेला त्यांचा. म्हातारं मानूस हाय."

"हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

"न्हाई. पन माझ्या तोंडून तेवढं वदवू नको."

"म्हणून तू नऊ वर्षं..." आरती पुढं बोललीच नाही. तिनं गुडघ्यांत डोकं घातलं. रेश्मानं मग हात पुढं केला आणि तिच्या पाठीवर ठेवला. पोर दूर सरकली नाही. बऱ्याच वेळानं तशीच, डोकं वर न करता, तिनं विचारलं, "मग तू कधीच रडली नाहीस?"

"रडले की. माहेरी गेल्यावर भावजयीनं भाकरी वाढली. ताटात कांदा हुता, आपल्याच रानातला. बारव्याला आल्ती तवा आईनं इथनं नेलेला. तवा रडले. भावजय बाहेर गेल्ती, चुलीपाशी कुनी नव्हतं."

निघताना रेश्मा गोठ्याच्या दारापाशी थांबली. "येते मामा," म्हणाली. आत गाईची साखळी तेवढी वाजली.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. आरती आजोबांशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. रेश्मा फोनवर समजवायची तर ती म्हणायची, "ते एकदा तरी म्हणोत. तुला लोक काय काय बोलले, ते बसून ऐकत होते." खरं तर तिलाही आत कुठंतरी तेच वाटत होतं, इतकी वर्षं वाटत होतं. पोरीनं उघड म्हटल्यावर तिचं तिला कळलं. सहादेव एकदा ओट्यावर गप्पा मारायला आला तेव्हा आरतीनं सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, "काका, तुम्ही विहिरीत होतात तेव्हा मोटार कुणी बंद केली ते कधी विचारलंत का?" तो चहा अर्धा ठेवून उठला. त्यानंतर वस्तीवर कुजबुज बदलली म्हणतात, थोडीफार. सगळी नाही. काही लोकांना एकदा ठरवलेलं मोडवत नाही.

दहावीचा निकाल लागला. आरती चांगल्या मार्कांनी पास झाली आणि अकरावीला नगरला जायचं म्हणाली. रंगनाथांनी नाही म्हटलं नाही. जूनमध्ये ते स्वतः तिला घेऊन केडगावात आले, डोक्यावर गाठोडं, हातात तिची ट्रंक. जिना चढताना दोनदा थांबले. रेश्मानं त्यांना खुर्ची दिली, पण ते भिंतीला टेकून खालीच बसले. तिनं चहा ठेवला. आरती खिडकीपाशी पुस्तकं लावत राहिली, आजोबांकडं पाठ करून.

चहा प्यायला त्यांना फार वेळ लागला. बशी खाली ठेवून ते जमिनीकडं बघत म्हणाले, "त्या दिशी तू पेटीपाशी नसतीस तर आनखी दोन घरं बसली असती."

रेश्मानं रिकामी बशी उचलली.

"म्या बघितलं हुतं तुला दांडा वढताना," ते म्हणाले. "म्या बघितलं हुतं."

वायरीचं नाव त्यांनी काढलं नाही. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग भिंतीला हात देत उठले, टोपी नीट केली आणि एसटी जाईल म्हणून निघाले. रेश्मा दारापर्यंत गेली. जिन्यावरून त्यांच्या जोड्यांचा आवाज खाली खाली जात राहिला.

आरती पुस्तकं हातात धरून उभी होती. खिडकीतून पुणे रस्ता आणि पलीकडचा एसटीचा थांबा दिसत होता. ट्रक, टेम्पो, गाड्या. एकामागून एक, थांबायला तयार नाही. म्हातारा कडेला उभा होता. एक पाऊल पुढं टाकायचा, पुन्हा मागं घ्यायचा.

"त्यांना नाही जमायचं," आरती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. पुस्तकं तिनं कॉटवर टाकली आणि धडधडत जिना उतरली.

रेश्मानं खिडकीतून बघितलं. पोरगी त्यांच्याजवळ गेली, काही बोलली नाही, त्यांच्याकडं बघितलंही नाही. नुसता त्यांचा दंड धरला, दुसरा हात वर करून एक टेम्पो थांबवला, आणि दोघं रस्ता ओलांडू लागले.